कोरफडीचा रस, गोळ्या आणि पोट: औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आमचं औषधाचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की पहिला तासभर पोटाच्या तक्रारींचा असतो. कुणाला तीन दिवस झालेलं नाही, कुणाला पित्त, कुणाच्या पोटात गॅस धरलेला. पूर्वी ही मंडळी "ताई, काहीतरी द्या" म्हणायची. आता सरळ विचारतात, "कोरफडीचा ज्यूस कुठला चांगला?" काउंटरवर मागे रांग असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवलेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर किंवा वैद्य नाही. तपासून सांगायच्या गोष्टी त्यांच्याकडेच.

कोरफडीने पोट साफ होतं का?

कुठल्या कोरफडीने? हा उलटा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण एकाच पानात दोन वेगळ्या वस्तू असतात.

बघायचं असेल तर कुंडीतलं एक जाडजूड पान बुंध्याशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पेल्याच्या तळाशी पिवळट, पातळ चीक उतरतो. वास उग्र, घामासारखा. चिकाचं बोट चुकून ओठाला लागलं तर कडूपणा जेवणापर्यंत पुरतो. थोडा वेळ उघडा राहिला की चीक तांबूस-तपकिरी पडतो. हिरव्या सालीच्या लगेच आतल्या नळ्यांमधला हा चीक. त्याच्या आत काचेसारखा, बुळबुळीत, जवळजवळ बेचव गर. गरात सुमारे ९९ टक्के पाणी आणि उरलेल्यात लांब साखळीच्या शर्करा, त्यातली ॲसिमॅनन ही जास्त नावाजलेली.

पोट "साफ" करतो तो चीक. त्यात ॲलोइन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात काही करत नाही, लहान आतड्यातही नाही. मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून निघालेला पदार्थ आतड्याला डिवचतो. आतडं जोराने आकुंचन पावतं, पाणी सोडतं आणि ६ ते १२ तासांत जुलाब. रात्री घेतलं, सकाळी परिणाम, असं होतं ते यामुळे. गर यातलं काहीच करत नाही.

तेव्हा "एकदाच घेतला आणि दुसऱ्या दिवशी काय पोट साफ झालं!" असं कुणी बाटलीचं कौतुक केलं, की माझ्या मनात पहिली शंका येते ती त्या बाटलीत चीक उतरल्याची.

मग चीक असला तर बिघडलं कुठे? काम होतंय ना?

एखाद्या वेळी होतंय, हे खरं. बिघडतं ते रोज घेतल्यावर. पोटात मुरडा येतो, पातळ शौचाबरोबर पाणी आणि पोटॅशियम निघून जातं, आणि काही महिन्यांनी आतड्याला डिवचल्याशिवाय हलायची सवय राहत नाही. मग मात्रा वाढते. अशा रेचकांची वर्षानुवर्षं सवय असलेल्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट झालेलं कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून केलेल्या तपासणीत दिसतं.

याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाला चिठ्ठीविना विकायच्या रेचकांच्या यादीतून काढलं. तो सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नव्हती. पुढे तिथल्याच सरकारी प्रयोगांत सालीसकट अख्ख्या पानाचा, चीक न काढलेला अर्क उंदरांना दोन वर्षं पाण्यातून दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाच्या अर्काला २बी गटात, म्हणजे "माणसात कर्करोग होण्याची शक्यता" असलेल्यांत टाकलं. यावरून कोरफडीने कॅन्सर होतो असं कुणी फॉरवर्ड केलं तर ते चूक. तो ठपका आहे चीक न काढलेल्या अख्ख्या पानावर, आतल्या गरावर नाही.

आता घरचीच गोष्ट. माझ्या सासूबाईंनी एका प्रदर्शनातून "पोट हलकं करणारी" चूर्णाची डबी आणली होती. घटकांत बारीक अक्षरात कोरफड आणि सोनामुखी, हीसुद्धा रेचकच. त्यांना ब्लडप्रेशरसाठी लघवी जास्त व्हायची गोळी चालू होती, तिच्यानेही पोटॅशियम जातं. दोन्हीकडून गळती. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना पाय उचलेनात, पोटऱ्यांत गोळे. रक्त तपासलं तर पोटॅशियम घसरलेलं, दोन दिवस सलाइन. घरात फार्मासिस्ट सून, आणि डबी माझ्या नजरेला पडली ती त्या दवाखान्यातून घरी आल्यावर. फडताळात गुळाच्या डब्यामागे होती.

काळाबोळ म्हणजे हाच चीक का?

हो. चीक आटवून वाळवला की काळपट, ठिसूळ खडे होतात, तो काळाबोळ. मुक्या मारावर लेप लावायला अजूनही लोक नेतात, आणि लेप लावण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोटात घ्यायचा तर वैद्यांनी मात्रा ठरवून दिल्याशिवाय नको.

एक घोटाळा मात्र नेहमी होतो. बाळंतिणीसाठी म्हणून लोक येतात आणि "बोळ द्या" म्हणतात. तो हिराबोळ, एका झाडाचा सुगंधी डिंक, कोरफडीशी त्याचा काही संबंध नाही. नाव ऐकून चुकीची पुडी बांधली गेली तर अंगावर पाजणाऱ्या आईच्या पोटात रेचक जायचं. गोखले रोडवरून घ्या नाहीतर जांभळी नाक्यावरून, पूर्ण नाव सांगा आणि पुडीचा वास घेऊन बघा.

बाटलीतल्या चांगल्या रसात चीक नसेल, तर त्याचा बद्धकोष्ठाला उपयोग काय?

फारसा नाही, आणि हे मी गल्ल्याचं नुकसान करून सांगते. साधा हिशेब करा. बाटलीवर ३० मिलिलिटर घ्या असं लिहिलेलं असतं. रस शंभर टक्के गराचा धरला तरी त्यात १ टक्का घन पदार्थ, म्हणजे जेमतेम ०.३ ग्रॅम. पोह्याच्या चमच्याने एक चमचा इसबगोल घेतलात तर चार-पाच ग्रॅम तंतू पोटात जातात. बरं, तो ३० मिलिलिटर रस आपण ग्लासभर पाण्यात घालून अनशापोटी पितो. ज्यांनी आयुष्यात सकाळी उठून ग्लासभर पाणी प्यायलं नाही, त्यांना त्या पाण्याचाच गुण येतो आणि श्रेय मिळतं कोरफडीला.

ॲसिडिटीवर चालतो का? छातीत जळजळ होते.

काहींना बरं वाटतं. गर बुळबुळीत असतो, घशाखाली थंड जातो. इराणमध्ये कोरफडीच्या सिरपची तुलना पित्ताच्या नेहमीच्या गोळ्यांशी करणारा एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात सिरप घेणाऱ्यांची जळजळ कमी झाली, पण माणसं थोडी आणि काळ थोडा. एवढ्यावर चालू असलेली गोळी बंद करू नका.

आणि बाटलीचे घटक वाचा. टिकण्यासाठी सायट्रिक ॲसिड घातलेलं असतं. काहींमध्ये वर आवळा किंवा लिंबू. ज्याला आंबट ढेकर येतात त्याने सकाळी रिकाम्या पोटी हे ओतलं तर जळजळ वाढल्याची तक्रार घेऊन तो माझ्याकडेच परत येतो.

आयबीएस आणि आतड्याच्या सुजेबद्दल इंटरनेटवर बरंच वाचलं. खरं काय?

आयबीएस म्हणजे आतड्यात सूज किंवा जखम न दिसताही पोट वारंवार दुखणं-बिघडणं. त्यावर छोटे प्रयोग झालेत, निकाल सरमिसळ आहेत. काहींत पोटदुखी आणि फुगणं कमी झालं, काहींत खोट्या औषधाइतकाच परिणाम.

अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार) मात्र २००४ मध्ये इंग्लंडमधला एक नीट आखलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकूण ४४ रुग्ण, रोज दोनदा १०० मिलिलिटर गर, चार आठवडे. गर घेतलेल्या ३० जणांपैकी १४ जणांना गुण आला, खोटं औषध घेतलेल्या १४ पैकी दोघांना. आशादायक आहे, नाही कशाला म्हणू? पण आकडे बघा: ४४ माणसं, एक महिना, आणि दिवसाला २०० मिलिलिटर. आपण झाकणाने मोजून पितो त्याच्या कितीतरी पट. रक्त पडत असेल, डॉक्टरांचं औषध चालू असेल, तर ते चालूच ठेवायचं.

बाटली घेताना काय बघायचं?

पुढची बाजू सोडून द्या. पुढे हिरवं पान, दवबिंदू आणि "१०० टक्के शुद्ध" असतं. बाटली फिरवा.

आधी "आतील पान", "गर" किंवा "फिलेट" असं लिहिलंय की "अख्खं पान", ते बघा. अख्ख्या पानाचा रसही चालतो, पण तो कोळशातून गाळून चीक काढलेला हवा आणि तसं लेबलवर नमूद हवं. मग ॲलोइनचं प्रमाण. पिण्याच्या कोरफडीसाठी या उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मर्यादा दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी अशी आहे. चांगली कंपनी हा आकडा छापते किंवा विचारल्यावर देते. छापत नाही आणि फोनवर "मॅडम, आमचं एकदम प्युअर आहे" एवढंच ऐकू येतं, तर मी तो माल ठेवत नाही.

परवान्याचं बघा. आहारपूरक म्हणून विकलं जातं त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लागतो आणि "औषधी वापरासाठी नाही" अशी ओळही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं त्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती बाटली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही स्वस्त मिळो, नको.

सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट ही नावं दिसली म्हणून दचकू नका. नुसता गर टिकत नाही, काहीतरी घालावंच लागतं. दचकायचं ते सॉर्बिटॉल बघून: गोडीसाठी घालतात आणि त्याने स्वतःच पोट सुटतं. मधुमेह असेल तर साखर आणि मधही बघा.

गोळ्या आणि कॅप्सूल घेताना "२००:१" असा आकडा दिसेल. गरातलं पाणी उडवून केलेली पावडर, एक भाग म्हणजे मुळातला दोनशे भाग गर, असा त्याचा अर्थ. ताकद दोनशे पट वाढली असा नाही. आणि गोळीवर नुसतं "कोरफड अर्क, पोट साफ करण्यासाठी" असेल तर तो बहुतेक चीकच समजा.

उपवनला फेरी मारून आलं की गाडीवर ताजा रस मिळतो. तो कसा?

ताजा असतो, यात वाद नाही. येऊरच्या पायथ्याशी काय, वाशी-नेरूळच्या उद्यानांबाहेर काय, स्टीलच्या पिंपांची रांग असते: कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, कोरफड. माझा प्रश्न एवढाच की पान सोललं कसं. मी एकदा मुद्दाम उभी राहून पाहिलं. काटे काढले, पानाचे सालीसकट तुकडे केले, मिक्सरमध्ये घातले, गाळलं. चीक निथळायला ठेवणं नाही, धुणं नाही. चव कडू लागली की लोक "कडू म्हणजे गुणकारी" म्हणून समाधानाने पितात. कडू लागला तर तिथेच थांबा. आणि दुधीचा रस कडू लागला तर तो थुंकूनच टाका, त्यातला कडूपणा विषारी असतो.

घरच्या कुंडीतली कोरफड वापरली तर?

चालेल, पण ती खायची कोरफड आहे याची खात्री हवी. शोभेच्या कितीतरी जाती तशाच दिसतात. घायपातही लांबून कोरफडीसारखं वाटतं. पान ओढून बघा: कोरफडीचं मांसल, ठिसूळ, कापलं की गर. घायपाताचं चिवट, दोऱ्यासारखे धागे, आणि त्याचा रस अंगाला लागला तरी खाज सुटते. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कसली फवारणी झालीय हेही कळत नाही, म्हणून नव्या कुंडीतली पानं निदान काही महिने वापरू नका.

काढायची रीत: खालचं जुनं पान कापा, चीक निथळू द्या, धुवा, दोन्ही कडांचे काटे काढा, साल जरा जाडच सोला. कंजुषी करून सालीलगतचा हिरवट भाग घेतलात की चीक आलाच. गराचे तुकडे दोन-तीन पाण्यांतून धुवा, जिभेला लावून बघा, कडू नसला तर दोन चमचे. ताजाच घ्या. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवून रोज प्यायचा पदार्थ हा नाही.

किती आणि केव्हा घ्यायचा?

लेबलवर असेल तेवढाच, सुरुवातीला त्याच्या निम्मा. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि लेबलवरच्या मुदतीत संपवा. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर दुसरी बाटली घेऊन फरक पडणार नाही.

मला शुगरची गोळी चालू आहे. ब्लडप्रेशरचीही. चालेल?

विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक जण "नैसर्गिक आहे" म्हणून डॉक्टरांना सांगतच नाहीत.

कोरफडीने साखर थोडी उतरू शकते. वर गोळी किंवा इन्सुलिन असलं तर ती जास्त उतरते. ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल पकडायच्या घाईत नाश्ता न करता नुसता रस आणि गोळी घेऊन निघालेला माणूस मुलुंडपर्यंत घामाघूम होतो, असं नको. लघवीची गोळी आणि चीक यांचं मी वर सांगितलंच. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर पोटॅशियम घसरणं आणखी धोक्याचं. रक्त पातळ करायची गोळी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

गरोदरपणात?

नाही. चिकाने आतड्याबरोबर गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. अंगावर पाजत असतानाही पोटात नको. पाळी येण्यासाठी देतात त्या रजःप्रवर्तनी वटीत कोरफडीचा सुकवलेला रस असतो, म्हणून पाळी चुकलीय आणि दिवस गेल्याची शंका आहे तेव्हा ती वटी स्वतःहून मागू नका. आधी तपासणी. बारा वर्षांखालच्या मुलांनाही चिकाची कुठलीही गोळी नको.

कुमारी आसव म्हणजे हाच रस ना? तो बंद करून हा घेऊ का?

तो वेगळा. कुमारी हे कोरफडीचं आयुर्वेदातलं नाव. आसवात कोरफडीच्या रसाबरोबर गूळ, मध, लोहभस्म आणि बरीच द्रव्यं असतात आणि ते आंबवलेलं असतं, त्यामुळे त्यात थोडं मद्य आपोआप तयार होतं. वैद्यांनी काही पाहून दिलेलं औषध आहे ते. शेजारच्या काकूंना मानवलं म्हणून आपण प्यायचं नाही, आणि मधुमेह असेल तर गूळ विसरायचा नाही.

आमच्या ओळखीचे एक जण म्हणतात, कोरफडीने शुगर, संधिवात, कॅन्सर सगळं जातं.

त्यांच्या हातात बाटली आणि मेंबरशिपचा फॉर्म दोन्ही असतील. मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हे छापत नाहीत, घरी चहाला बसून सांगतात. ऐरोलीचे एक आजोबा तशाच चार बाटल्यांचं बिल घेऊन आले होते, "तुमच्याकडे किती पडेल?" विचारायला. माझ्याकडच्या बाटलीची किंमत सांगितली आणि ते बराच वेळ त्या बिलाकडे बघत राहिले.

मग बद्धकोष्ठाला तुम्ही काय देता?

इसबगोल, रात्री, भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर उलट घट्ट होतं. सोबत मी चौकशी करते: लोहाची गोळी चालू आहे का, कॅल्शियम, काही पेनकिलर? यांनीही बांधतं. आणि सकाळी वेळ काढता का? इथल्या निम्म्या बद्धकोष्ठाचं मूळ लोकलच्या वेळापत्रकात आहे असं माझं ठाम मत झालंय. कळ येते, पण ८.०७ची गाडी चुकेल म्हणून दाबतात, ऑफिसातलं स्वच्छतागृह आवडत नाही म्हणून पुन्हा दाबतात. दहा वर्षं असं केल्यावर आतडं हाक मारणं सोडतं. वीस मिनिटं आधी उठून, कोमट पाणी पिऊन, मोबाईल बाहेर ठेवून बसा. पी हळद अन् हो गोरी असं याचं नाही, महिनाभर लागतो.

मूळव्याधीवर रस प्यायला तर?

शौचाला मऊ होण्यासाठी इसबगोल जास्त कामाचा. चिकाने जुलाब झाले तर आग दुप्पट.

डॉक्टरांकडे केव्हा जायलाच हवं?

शौचातून रक्त किंवा काळं डांबरासारखं, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलणं, पोट फुगून वायूही सरकत नाही आणि उलट्या. यातलं एकही असेल तर रेचक, रस, चूर्ण काहीच देत नाही मी. रागावून निघून जातात लोक, जाऊ देत.

रस घेऊन त्रास झाला तर सांगायचं कुणाला?

घेणं थांबवा, बाटली फेकू नका, बिल जपून ठेवा. लघवी गडद आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. यकृताला सूज आल्याच्या दुर्मीळ घटनांची नोंद आहे. तक्रार एफएसएसएआयकडे १८००-११२-१०० या क्रमांकावर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. बाटलीवरचा बॅच क्रमांक विचारतात, तो आधी वाचून ठेवा.

दाराला उलटी टांगलेली कोरफड महिनोन्महिने हिरवी राहते. तिचं पान काढून खाल्लं तर?

पाणी नाही, माती नाही, आणि वर रस्त्यावरची सगळी धूळ तिच्यावर. ती दृष्ट लागू नये म्हणून टांगलीय, तिला तेवढंच काम करू द्या.